न लढता पुढची फेरी : बाद पद्धतीतील रिकाम्या जागांचे गणित

गेल्या हिवाळ्यात मी वाळूजला बहिणीकडे गेलो होतो. मेहुणे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आहेत. त्यांची त्या दिवशी दुसरी पाळी होती, म्हणून दुपारी घरात आम्ही तिघेच होतो. भाची आठवीत आहे आणि दोन वर्षांपासून तायक्वांदो शिकते. आदल्या दिवशी ती आंतरशालेय स्पर्धेतून कांस्यपदक घेऊन आली होती. शेजारी पेढे वाटून झाले होते. भाची मात्र घुश्श्यात होती. मी पदक पाहायला मागितले, तर म्हणाली, "मामा, मी एकच मॅच खेळले आणि तीही हरले. मग हे पदक कशाचं?" आणि थोड्या वेळाने, "माझी मैत्रीणसुद्धा एकच मॅच हरली. तिला काहीच नाही मिळालं."

मी तिला स्पर्धेचा तक्ता काढून दाखवायला सांगितले. तिने वहीच्या मागच्या पानावर तो काढला. तिच्या वजनगटात पाच मुली होत्या. पहिल्या फेरीत दोघींचीच लढत झाली, बाकी तिघींना 'बाय' मिळाला. त्या तिघी आणि पहिल्या लढतीतली विजेती अशा चौघी उपांत्य फेरीत गेल्या. तायक्वांदोच्या अशा स्पर्धांत उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही कांस्यपदक देण्याची रूढी आहे. भाचीला बाय होता. ती उपांत्य फेरीतच पहिल्यांदा मॅटवर उतरली, हरली आणि पदक घेऊन घरी आली. मैत्रीण पहिल्या फेरीत हरली आणि प्रमाणपत्र घेऊन घरी गेली. तक्त्यात नियमबाह्य काहीच नव्हते. तरीही भाचीचा प्रश्न मला रास्त वाटला. त्याचे उत्तर शोधताना जे गणित निघाले ते शिक्षकांच्या उपयोगी पडेल असे आहे. शाळांच्या स्पर्धांची भाग्यपत्रिका बहुधा शिक्षकांनाच आखावी लागते.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. दोन माणसांनी लढायचे एवढ्यावरून बाय निर्माण होत नाही. आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्या आठवून पाहा. सकाळी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग चढत्या इनामाच्या कुस्त्या. पंच दोन पैलवानांचे वय, वजन, अंगकाठी डोळ्यांनी जोखतात आणि जोड लावतात. एखाद्याला जोड मिळाला नाही तर तो आखाड्यात फेरी मारतो, गर्दीतून कोणी पुढे येतो, नाहीतर तो पैलवान तसाच परत जातो. प्रत्येक कुस्ती स्वतंत्र असते, तिचे इनाम तिथल्या तिथे मिळते. पैलवान सम आहेत की विषम, याचा कोणाला हिशेब नसतो.

हिशेब सुरू होतो तो सगळ्यांतून एकच विजेता हवा, असे ठरते तेव्हा. 'महाराष्ट्र केसरी' हा किताब १९६१ मध्ये सुरू झाला. त्याची पहिली स्पर्धा तेव्हाच्या औरंगाबादेतच भरली होती आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. आता या किताबासाठी माती आणि गादी असे दोन विभाग वेगवेगळे खेळवतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. म्हणजे तिथे दोन स्वतंत्र तक्ते असतात आणि दोन्हींतल्या बायचा हिशेब वेगळा करावा लागतो.

आता गणिताकडे वळू. बाद पद्धतीत हरणारा स्पर्धेबाहेर जातो आणि प्रत्येक फेरीत खेळाडूंची संख्या निम्मी होते. अंतिम लढतीत २, उपांत्य फेरीत ४, त्याआधी ८, त्याआधी १६, ३२, ६४. शेवटाकडून मागे मागे गेले तर हेच आकडे येतात, दुसरे येऊ शकत नाहीत. तेव्हा खेळाडूंची संख्या यांपैकी एक असेल तर तक्ता बिनबोभाट बसतो. खेळाडू ११ असतील तर? त्यांना १६ जागांच्या तक्त्यात बसवावे लागते आणि १६ वजा ११ म्हणजे ५ जागा रिकाम्या राहतात. ज्याच्या समोरची जागा रिकामी आहे, त्याला लढतीशिवाय दुसऱ्या फेरीत जाता येते. हाच बाय. पाच रिकाम्या जागा म्हणजे पाच बाय, उरलेल्या सहा जणांच्या तीन लढती. तीन विजेते आणि बाय मिळालेले पाच मिळून आठ होतात आणि पुढचा तक्ता सुरळीत चालतो.

वृत्तपत्रांत बायला 'पुढे चाल' असेही म्हणतात आणि प्रतिस्पर्धी आलाच नाही तेव्हाही 'पुढे चाल मिळाली' असेच छापतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बाय तक्ता आखतानाच ठरलेला असतो, तिथे प्रतिस्पर्धी मुळात नसतोच आणि म्हणून कोणी जिंकले असेही म्हणता येत नाही. नाव असलेला प्रतिस्पर्धी गैरहजर राहिला तर मात्र ती लढत एकाने जिंकली आणि दुसऱ्याने हरली अशी नोंद होते. या लेखात बाय म्हणजे फक्त पहिला प्रकार.

विद्यार्थ्यांना इथे एक प्रश्न जरूर विचारावा : ११ जणांच्या स्पर्धेत एकूण लढती किती? बहुतेक मुले फेरीवार बेरीज करायला लागतात : ३ अधिक ४ अधिक २ अधिक १. उत्तर येते १०. मग १०० जणांच्या स्पर्धेत किती, असे विचारले की वही भरते. खरे तर एवढेच पाहायचे की प्रत्येक लढतीत एक आणि एकच खेळाडू बाद होतो. विजेता सोडून बाकी सर्व एकदाच बाद व्हायचे आहेत. म्हणून १०० जणांना ९९ लढती आणि ११ जणांना १०. बाय किती, कोणाला आणि कोणत्या फेरीत दिले याचा या संख्येवर काडीचाही परिणाम होत नाही. संयोजकाला मॅट किती वेळ लागेल याचा अंदाज यावरून लगेच बांधता येतो.

बाय कधी द्यायचा?

आपण रिकाम्या जागा पहिल्या फेरीतच धरल्या. पण हे काही आपोआप सुचणारे नाही. बरेच जण दुसऱ्या वाटेने जातात : आज ११ आहेत ना, पाच जोड्या लावा आणि उरलेल्या एकाला बाय द्या. सहा उरले, तीन लढती. तीन उरले, एक लढत आणि एकाला बाय. मग अंतिम लढत. एकूण दोनच बाय लागले! पाच बाय देण्यापेक्षा हे बरे नाही का?

विम्बल्डनची पहिली टेनिस स्पर्धा १८७७ मध्ये झाली, तेव्हा नेमके असेच केले होते. २२ खेळाडूंची नावे आली होती. पहिल्या फेरीनंतर ११ राहिले. दुसऱ्या फेरीत एकाला बाय देऊन ६ झाले. मग ३. तिघांची उपांत्य फेरी कशी खेळवणार? स्पेन्सर गोर आणि हीथकोट यांचा सामना झाला आणि विल्यम मार्शल बाय घेऊन थेट अंतिम फेरीत गेला. तिथे तो गोरकडून हरला, त्यामुळे फार आरडाओरडा झाला नसावा. तो जिंकला असता तर लोक काय म्हणाले असते याची कल्पना करता येते.

तिथे दिलेल्या दोन बायचा हिशेब मांडून पाहू. २२ जणांना ३२ जागांचा तक्ता लागतो, म्हणजे रिकाम्या जागा १०. त्या गेल्या कुठे? दुसऱ्या फेरीतल्या ज्या खेळाडूला बाय मिळाला, त्याच्या समोर दुसऱ्या फेरीपर्यंत पोचणारा कोणी नव्हता. दुसऱ्या फेरीपर्यंत पोचणारा एक खेळाडू पहिल्या फेरीतल्या दोन जागांमधून येतो. म्हणजे हा बाय दोन रिकाम्या जागांचा आहे. मार्शलच्या समोर उपांत्य फेरीपर्यंत, म्हणजे चौथ्या फेरीपर्यंत, पोचणारा कोणी नव्हता. चौथ्या फेरीतला एक खेळाडू पहिल्या फेरीतल्या आठ जागांमधून निघतो. तेव्हा हा बाय आठ रिकाम्या जागांचा. २ आणि ८ मिळून १०. हिशेब चोख जुळला!

म्हणजे रिकाम्या जागा कमी झाल्या नव्हत्या. त्या एकाच खेळाडूच्या समोर ढिगाने साचल्या होत्या. पहिल्या फेरीतला बाय १ जागेचा, दुसऱ्या फेरीतला २ जागांचा, तिसऱ्या फेरीतला ४ आणि चौथ्या फेरीतला ८ जागांचा. आपल्या ११ जणांत पहिल्या फेरीत एक बाय आणि तिसऱ्या फेरीत एक : १ अधिक ४ बरोबर ५. गणिताच्या शिक्षकांच्या लक्षात आलेच असेल की ही द्विमान पद्धत आहे. रिकाम्या जागांची संख्या द्विमान पद्धतीत लिहिली की तिच्यातले १ हे अंक नेमके कोणत्या फेऱ्यांत बाय द्यावा लागेल ते सांगतात. १० म्हणजे १०१० : उजवीकडून दुसऱ्या आणि चौथ्या फेरीत. मला स्वतःला हे प्रथम दिसले तेव्हा फार गंमत वाटली. कारण संयोजकाने तर काही रूपांतर केलेले नसते, तो बिचारा फक्त जोड्या लावत गेलेला असतो.

सर्वांत वाईट अवस्था ९ खेळाडूंची. रिकाम्या जागा ७, म्हणजे १ अधिक २ अधिक ४, प्रत्येक फेरीत एक बाय : ९ चे ५, ५ चे ३, ३ चे २. 'एकाच खेळाडूला दोनदा बाय नाही' असा नियम लावला नाही तर चिठ्ठीच्या कृपेने एखादा खेळाडू एकही लढत न देता अंतिम फेरीत पोचू शकतो. १७ आणि ३३ यांचीही तीच गत.

यावरचा उपाय बॅगनॉल-वाइल्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने सुचवला आणि १८८० च्या दशकात टेनिसमध्ये तो रूढ झाला : सर्व बाय पहिल्याच फेरीत वाटून टाका. २२ खेळाडूंत १० जणांना बाय, १२ जणांच्या ६ लढती, आणि दुसऱ्या फेरीपासून १६, ८, ४, २. ढीग मोडून एकेक रिकामी जागा दहा जणांत वाटली गेली. बायची संख्या दोनावरून दहावर गेली आणि तक्ता अधिक न्याय्य झाला. आज ज्युदो, मुष्टियुद्ध, तायक्वांदो, कॅरम, बुद्धिबळ, कशाचीही बाद पद्धतीची भाग्यपत्रिका पाहा, हीच रीत दिसेल.

त्याच काळात ॲलिसच्या गोष्टी लिहिणाऱ्या लुईस कॅरॉलने, म्हणजे ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणाऱ्या चार्ल्स डॉजसनने, १८८३ मध्ये लॉन टेनिस स्पर्धांच्या बक्षिसांवर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्याची तक्रार बायपेक्षा मोठी होती. ३२ जणांत दुसऱ्या क्रमांकाचा उत्तम खेळाडू खरोखर दुसरे बक्षीस घेऊन जाईल याची शक्यता ३१ त १६, म्हणजे निम्म्याहून जराशीच जास्त. कारण तो सर्वोत्तम खेळाडूच्या अर्ध्या भागात पडला तर अंतिम फेरीआधीच बाद होणार. बाद पद्धत विजेता बरा निवडते, बाकीचे क्रम मात्र नशिबावर सोडते. ही गोष्ट पदकांच्या संदर्भात पुढे पुन्हा येईल.

कोणाला द्यायचा?

शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत यासाठी एक नियम असतो, तो बहुतेक क्रीडाशिक्षकांना पाठ असतो. नावांचे वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग करायचे. संख्या विषम असेल तर वरच्या भागात एक नाव जास्त. पहिला बाय खालच्या भागातल्या शेवटच्या नावाला, दुसरा वरच्या भागातल्या पहिल्या नावाला, तिसरा खालच्या भागातल्या पहिल्याला, चौथा वरच्या भागातल्या शेवटच्याला, आणि पुढे याच क्रमाने आत आत. आपल्या ११ जणांत वर १ ते ६ आणि खाली ७ ते ११. बाय जातात अनुक्रमे ११, १, ७, ६ आणि १० या क्रमांकांना. पहिल्या फेरीच्या लढती होतात २ विरुद्ध ३, ४ विरुद्ध ५ आणि ८ विरुद्ध ९. वरच्या भागात सहा नावे आणि दोन रिकाम्या जागा, खालच्या भागात पाच नावे आणि तीन रिकाम्या जागा : दोन्हीकडे आठ. या नियमाचा हेतू एवढाच की रिकाम्या जागा एकीकडे गोळा होऊ नयेत.

पण नियम जागांना बाय देतो, माणसांना नाही. कोणत्या जागी कोणाचे नाव लिहायचे हे आधी ठरते. तिथेच गडबड होऊ शकते, कारण पहिली आणि शेवटची जागा बायची आहे हे तक्ता आखणाऱ्याला ठाऊक असते. मी एका स्पर्धेत आदल्या रात्री आखलेला तक्ता पाहिला आहे. यजमानांच्या खेळाडूंची नावे बहुतेक वजनगटांत नेमकी पहिल्या किंवा शेवटच्या ओळीत होती. मुद्दाम केले असेल असे नाही. यादी करताना माणूस आपल्या घरच्यांपासून सुरुवात करतो. तरीही सर्वांसमोर डब्यातून चिठ्ठ्या काढून क्रमांक देणे हाच यावरचा इलाज आहे. एकाच शाळेचे दोघे पहिल्याच फेरीत भिडू नयेत म्हणून एखादी चिठ्ठी हलवावी लागली तर तीही सर्वांसमोर हलवावी.

बायची किंमत किती? सगळे खेळाडू तुल्यबळ आहेत, प्रत्येक लढत म्हणजे नाणेफेक, असे धरू. ३२ च्या तक्त्यात बाय नसलेल्याला पाच लढती जिंकाव्या लागतात, म्हणजे विजेतेपदाची शक्यता ३२ त १. बाय असलेल्याला चारच, म्हणजे १६ त १. बरोबर दुप्पट. २२ जणांत दहा जणांची शक्यता १६ त १ आणि बारा जणांची ३२ त १. बेरीज १ येते, तेव्हा हिशेब बरोबर आहे. चिठ्ठी काढण्याआधी मात्र सगळ्यांची शक्यता सारखीच, २२ त १. चिठ्ठीने काढलेला बाय असमान असतो, पण अन्यायाचा नसतो. शाळेतल्या मुलांना हा फरक समजावून सांगणे अवघड जाते. मला मोठ्यांनाही सांगताना अवघड गेले आहे.

वरच्या पातळीवर बाय बहुधा चिठ्ठीने न जाता मानांकित खेळाडूंकडे जातात. ज्युदोच्या मोठ्या स्पर्धांत जागतिक क्रमवारीतल्या आठ जणांना मानांकन देऊन तक्त्यात दूर दूर बसवतात, म्हणजे चांगले खेळाडू आरंभीच एकमेकांना बाद करत नाहीत. कॅरॉलची तक्रार यामुळे बरीच कमी होते. पण ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळते, हेही खरे. जिल्हा आणि तालुका पातळीवर, जिथे मुलांचा पूर्वेतिहास कोणालाच नीट माहीत नसतो, तिथे मानांकन म्हणजे ओळखीपाळखीला आमंत्रण, असे माझे मत आहे.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत बराच काळ एक वेगळी रीत होती. पैलवान चिठ्ठीने क्रमांक उचलत. २२ पैलवान असले तर शेवटचे बारा, म्हणजे ११ ते २२ क्रमांकाचे, आधी पात्रता लढती खेळत आणि १ ते १० थेट सोळांच्या फेरीत जात. बाय हा शब्द नव्हता, पण गणित तेच : १० रिकाम्या जागा. फरक असा की त्या सगळ्या वरच्या बाजूला गोळा झालेल्या. वरच्या अर्ध्या तक्त्यातून अंतिम फेरीत येणाऱ्याच्या तोपर्यंत तीन कुस्त्या झालेल्या असत. खालच्या अर्ध्यातून येणाऱ्याच्या चार, तो नशिबाने ९ किंवा १० क्रमांकाचा नसेल तर.

एक जादा कुस्ती म्हणजे काय, हे टेनिसवाल्यांपेक्षा कुस्ती, ज्युदो, तायक्वांदोवाल्यांना विचारावे. टेनिसच्या मोठ्या स्पर्धेत दोन सामन्यांच्या मध्ये एखादा दिवस तरी जातो. शालेय तायक्वांदोत सकाळी वजन होते आणि संध्याकाळी बक्षीस समारंभ. सगळ्या लढती त्याच दिवशी, कधी पाऊण तासाच्या अंतराने, आणि मध्ये मार लागतो तो वेगळाच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. तेव्हा तिथे साधी बाद पद्धत नव्हती. पराभवाचे, आणि निर्भेळ नसलेल्या विजयाचेही, दंडगुण मिळत आणि ठरावीक दंडगुण साठले की पैलवान बाद होई. जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती झाल्यावर खाशाबांना पुरेशी विश्रांती न देता रशियाच्या मामेदबेकोवशी लढायला उभे केले आणि हरकत घ्यायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात नेहमी सांगितले जाते. विश्रांतीचे मोल एवढे असते. म्हणून या खेळांत बायचा फायदा नाणेफेकीच्या हिशेबापेक्षा जास्तच धरला पाहिजे. उलट बाजूही आहे : बाय मिळालेला खेळाडू थंड अंगाने उतरतो आणि समोरचा एक लढत जिंकून तापलेला असतो. भाचीचे म्हणणे असे की तिचे पाय पहिल्या मिनिटात हललेच नाहीत. ती समोर पाहत होती, तोवर तीन गुण गेले होते.

पाच मुली, चार पदके

आता तिच्या प्रश्नाकडे येऊ. विजेती ठरवण्यात तिच्या तक्त्याने फारसे बिघडवले नाही. बिघडले ते पदकांत. उपांत्य फेरीत पोचणे हेच पदक, असा नियम असला की चार जागांना पदके बांधलेली असतात. ५ मुली असतील तर बाय मिळालेल्या तिघींचे पदक सोडत निघाली तेव्हाच पक्के होते आणि उरलेल्या दोघींना चौथ्या पदकासाठी लढावे लागते. ६ असतील तर दोघींचे पदक पक्के, ७ असतील तर एकीचे. ८ झाल्या की पदकासाठी प्रत्येकीला एक लढत जिंकावीच लागते. ९ ते १५ मध्ये बाय मिळाला तरी पदकाच्या आधी एक विजय लागतोच. तेव्हा अडचण सर्व तक्त्यांची नाही, ८ पेक्षा लहान गटांची आहे. शालेय स्पर्धांत वय आणि वजन यांचे इतके गट पडतात की लहान गटच जास्त असतात. ४ मुलींच्या गटात तर चौघींनाही पदक, नुसते वजन करून घेतले की झाले.

हे केवळ शाळांत होते असे नाही. २०२१ मध्ये दुबईला झालेल्या आशियाई मुष्टियुद्ध स्पर्धेत महिलांच्या गटांत नावे इतकी कमी होती की मेरी कोमसह भारताच्या अनेक खेळाडूंची पदके सोडत निघाली तेव्हाच निश्चित झाली. मेरी कोम पुढे उपांत्य लढत जिंकून अंतिम फेरीत गेल्या, तो भाग वेगळा. शाळेच्या पातळीवर मात्र पदकाला आणखी एक अर्थ असतो. महाराष्ट्रात ठरावीक पातळीवरच्या कामगिरीला दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, पुढे शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ज्या पालकांनी ते नियम वाचलेले असतात, ते तक्ता फार लक्ष देऊन पाहतात.

काही खेळांनी यावर रेपेचाज आणले. अंतिम फेरीत पोचणाऱ्याकडून जे हरले त्यांना पुन्हा संधी देऊन त्यांच्यातून कांस्यपदक ठरवायचे. २००८ मध्ये बीजिंगला सुशीलकुमार पहिल्याच कुस्तीत युक्रेनच्या स्टाडनिककडून हरला. स्टाडनिक अंतिम फेरीत गेला म्हणून सुशीलला दार उघडले आणि त्याने लागोपाठ तीन कुस्त्या जिंकून कांस्यपदक घेतले. खाशाबांनंतर ५६ वर्षांनी कुस्तीत भारताला मिळालेले ते पदक. साध्या बाद पद्धतीत त्याचा दिवस एका कुस्तीत संपला असता.

पण पाच मुलींसाठी याहून सोपा उपाय आहे : साखळी. आंतरराष्ट्रीय कुस्तीत गटात पाच किंवा त्याहून कमी नावे असली तर सर्वांना सर्वांशी लढवतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत विनेश फोगटच्या ५३ किलो गटात चौघीच होत्या आणि तिने सुवर्णपदक साखळीतूनच जिंकले. पाच जणींच्या साखळीत १० लढती होतात, बाद पद्धतीत ४. एका लढतीला सगळे धरून सहा मिनिटे लागली तर २४ मिनिटांऐवजी एक तास. संयोजक कुरकुर करतात ती याचसाठी.

गंमत अशी की बाय साखळीतही आहे. पाच ही विषम संख्या, त्यामुळे प्रत्येक फेरीत एक जण रिकामी बसणार. पण सहावी जागा रिकामी मानून बाकीचे क्रमांक तिच्याभोवती फिरवले की तक्ता असा होतो. पहिली फेरी : २-५, ३-४, १ ला बाय. दुसरी : १-३, ४-५, २ ला बाय. तिसरी : २-४, १-५, ३ ला बाय. चौथी : ३-५, १-२, ४ ला बाय. पाचवी : १-४, २-३, ५ ला बाय. पाच फेऱ्यांत प्रत्येकीला चार लढती आणि बरोबर एक बाय. रिकामी जागा इथेही आहे, फक्त ती आळीपाळीने सर्वांसमोर येते. साखळीचे दोष नाहीत असे नाही : एका दिवसात चार लढती लहान मुलीच्या अंगाला जास्त होऊ शकतात, आणि पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला, तिसरी पहिलीला हरवते तेव्हा गुणांच्या फरकावर वाद घालत बसावे लागते. ६ किंवा ७ मुली असतील तर तीन-तीन किंवा चार-तीन असे दोन गट करून प्रत्येक गटातल्या दोघींना उपांत्य फेरीत घ्यावे. सहांना ९ लढती, सातांना १२.

यांपैकी काहीच करणे शक्य नसेल तर निदान दोन गोष्टी कराव्यात. एक, सोडत वजन झाल्यावर काढावी. आदल्या दिवशीच्या यादीवरून तक्ता केला की सकाळी दोघी येत नाहीत, एक वजनात बसत नाही, आणि आठांचा नीटस तक्ता पाचांचा होतो. त्यात बायशिवाय गैरहजेरीच्या 'पुढे चाल' ची भर पडते आणि रिकाम्या जागा कुठेही साचतात. दोन, प्रमाणपत्रावर गटातली संख्या आणि जिंकलेल्या लढती लिहाव्यात. माझ्या भाचीने हे स्वतःच केले आहे. तिच्या पदकाच्या फितीला एक चिठ्ठी लावलेली आहे : 'मुली ५, लढती १, जिंकल्या ०.' तिची आई ती चिठ्ठी काढून टाकते आणि ती पुन्हा लावते.

वर्गासाठी एक प्रयोग सांगतो. ४० मुलांचा वर्ग असेल तर नाणेफेकीची स्पर्धा घ्या, वीस मिनिटांत संपते. तक्ता ६४ जागांचा, बाय २४, पहिल्या फेरीत १६ मुलांच्या ८ लढती, मग ३२. बाय चिठ्ठीने द्या आणि विजेत्याला बाय मिळाला होता की नाही एवढेच फळ्यावर नोंदवा. दर शनिवारी एकदा असे वर्षभर करा. बाय मिळालेली मुले वर्गात ४० पैकी २४, म्हणजे शेकडा ६०, पण विजेते त्यांच्यातून शेकडा ७५ च्या आसपास यायला हवेत. काही शनिवारी स्पर्धा दुसऱ्या रीतीने घ्या, म्हणजे संख्या विषम होईल तेव्हाच एकाला बाय द्या : ४०, २०, १०, ५, ३, २. या रीतीत दोनच बाय निघतात. त्यांतला प्रत्येक किती रिकाम्या जागांचा आहे आणि त्यांची बेरीज २४ कशी होते, हे मुलांनाच शोधू द्यावे.